खालच्या टाकीचं घर

आमच्या गावाला पाण्याची टंचाई आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. टंचाई कसली डोंबलाची! नदी गावाला वळसा घालून जाते. पावसाळ्यात ती न बोलावता घरात येते आणि उन्हाळ्यात बंधाऱ्याला फळ्या घातल्या की काठोकाठ उभी असते. वर गावात पाण्याच्या टाक्या दोन. एवढ्याशा गावाला दोन! कोल्हापुरातनं येणाऱ्या पाहुण्यांना त्या लांबनंच दिसतात आणि दारात चप्पल काढता काढता ते म्हणतात, "लई सुधारलं की हो तुमचं गाव." मी आत जाऊन चहा टाकते.

टाक्या दोन, कारण गावात गट दोन. नदीकडच्या गल्लीत राहतो तो खालचा नेता, रस्त्याकडच्या गल्लीत राहतो तो वरचा. नावं घेऊन त्यांना कशाला मोठं करू? मी लग्न होऊन आले ती खालच्या गटाच्या घरात. माझ्या भोळ्या बापानं मुलाची नोकरी बघितली, शेती बघितली, स्वभाव विचारला. गट कुठला हेही विचारायचं असतं, हे त्याला काय माहीत! आल्यावर मला कळलं की ह्या गावात दूध संस्था दोन, सोसायट्या दोन, तालमी दोन आणि गणपतीही दोन. आम्ही दूध घालायचं ते खालच्या संस्थेत, वर्गणी द्यायची ती खालच्या गणपतीला. सुरुवातीला मला गंमत वाटायची. दोन गणपती बसले म्हणून कुणाच्या पोटात दुखत नाही.

पाणी मात्र पोटातच जातं.

घरात आम्ही पाच माणसं. मामंजी, म्हणजे माझे सासरे. थोरले दीर आणि त्यांची बायको, जिला मी आक्का म्हणते. आणि आम्ही दोघं. हे शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आणि मी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या ऑफिसात. शेत आणि म्हशी मामंजी आणि दीर बघायचे आणि उरलेलं सगळं आक्का बघायची. उरलेलं म्हणजे किती, ते बायकांनाच माहीत. आक्काला मूल नव्हतं. नवस झाले, दवाखाने झाले, येणाऱ्याजाणाऱ्यांचे टोमणे मारून झाले आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर तिला दिवस गेले. कळलं त्या दिवशी ती मला गोठ्यात घेऊन गेली आणि माझा हात धरून नुसती उभी राहिली. बोलणारी बाईच नव्हे ती. "कुणाला सांगू नगंस एवढ्यात," एवढंच म्हणाली. सांगायची गरजच नव्हती. तिच्या तोंडावरनंच गल्लीला कळलं.

आमच्या नळाला यायचं ते खालच्या टाकीचं पाणी. ती टाकी खालच्या गटानं बांधली, ग्रामपंचायत त्यांच्या हातात होती तेव्हा. नदीतनं पाणी उचलायची विहीर कुठं काढायची ह्यावर त्या वेळी घोळ झाला होता. पाणी खात्याच्या साहेबांनी खूण केली होती ती नदीच्या वळणाच्या वर, चांगल्या पाण्यात. पण ते रान वरच्या गटाच्या माणसाचं. त्याच्याकडं जागा मागायला जायचं म्हणजे नाकच कापलं की! मग विहीर सरकली वळणाच्या खाली, आपल्या माणसाच्या रानात. त्याच रानाच्या अंगाला ओढा नदीला मिळतो आणि ओढ्यातनं वरच्या सगळ्या वस्त्यांची गटारं येतात. हे मला बाहेरच्या कुणी सांगितलेलं नाही. मामंजींनीच सांगितलं, जेवता जेवता, मिशीला पीळ देत. "एक गुंठा मागाय त्यांच्या दारात गेलो न्हाई," म्हणाले.

उन्हाळ्यात त्या पाण्याला वास यायचा. पावडर टाकली की पावडरीचा आणि नाही टाकली की ओढ्याचा.

मग पंचायत फिरली. वरचा गट आला आणि त्यांनी निधी आणला. आता शहाणी माणसं काय करतील? विहीर वर सरकवतील, पाणी गाळायची सोय करतील आणि आहे त्याच पाइपनं सगळ्या गावाला देतील. आमच्या शहाण्यांनी दुसरी टाकी बांधली. वळणाच्या वर नवी विहीर, गाळायचं यंत्र, सगळं झकास, आणि गल्लीगल्लीतनं जुन्या काळ्या पाइपच्या शेजारनं निळी पाइप नेली. दारातल्या पाइपचा रंग बघायचा आणि घर कुठल्या गटाचं ते ओळखायचं. पाणी चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? पण ते पाहिजे असेल तर पंचायतीत अर्ज देऊन भागायचं नाही. वरच्या नेत्याच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, जाऊन बसायचं, चहा प्यायचा, फोटो काढून घ्यायचा. दिवे लागायच्या आत तो फोटो सगळ्या गावाच्या मोबाइलवर: अमक्यांचा गटात जाहीर प्रवेश! नळ त्यानंतर.

तरी माणसं जायला लागली. ज्यांच्या घरात लहान पोरं होती ते आधी गेले. खालच्या नेत्याच्या पायाखालची वाळू सरकली आणि त्यानं घरटी एक माणूस देवळात बोलावला, बेल-भंडारा उचलायला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन ग्रामदैवतासमोर शब्द द्यायचा. तो मोडला तर घराचं वाटोळं, असं सगळे मानतात. मतासाठी भंडारा उचललेला मी माहेरीही ऐकला होता. पाण्यासाठी उचललेला इथंच ऐकला. "वरच्या टाकीचं पाणी ह्या घरात येणार न्हाई," असा शब्द देऊन मामंजी कपाळाला भंडारा लावून घरी आले. दोन्ही गटांतल्या कुणी बौद्ध वस्तीकडं ढुंकून बघितलं नाही. ती माणसं भंडारा उचलत नाहीत आणि त्यांच्यापर्यंत ना काळी पाइप पोचली होती ना निळी. त्यांनी भांडून भांडून स्वतःची बोअर मिळवली होती आणि गावात त्यातल्या त्यात सुखी तेच होते.

मामंजी वाईट असते तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण हा माणूस उभ्या जन्मात कुणाला शब्द देऊन फिरला नाही. शेजाऱ्याची म्हैस अडली तर जेवण टाकून जाणारा. आक्काला दिवस गेल्याचं कळल्यावर बाजारातनं तिच्यासाठी डाळिंबं घेऊन आला आणि द्यायला लाजला म्हणून माझ्या हातात पिशवी दिली. आणि जे पाणी आम्ही पीत होतो तेच तोही पीत होता. त्याच्यावर राग काढायचा तर कुठून धरायचा, हेच मला कळत नव्हतं.

उन्हाळा लागला, नदी हिरवी झाली आणि वास वाढला. मी रोज सकाळी पाणी उकळून ठेवायची आणि आक्काला बजावून कामावर जायची. पण अख्ख्या घराचं पाणी उकळणार किती? उकळलेलं मामंजींना बेचव लागायचं, दिरांना गरम लागायचं आणि दुपारी रानातनं तहानेनं घरी आलेली आक्का पहिला हात माठालाच घालायची. जारचं पाणी विकत घ्यावं म्हटलं तर गावात जारचा धंदाही वरच्या गटाच्या माणसाचा. झालं! तेही बंद.

मग एक दिवस आक्काच मला म्हणाली, "आमी कुठं उचललाय भंडारा?"

मी भाकरी थापायची थांबले.

"बायकास्नी बोलावलंच न्हवतं की देवळात," ती म्हणाली. "मी काय शब्द दिल्याला न्हाई कुणाला."

आयुष्यात कुणाला उलटून न बोललेल्या बाईनं एवढा विचार करून ठेवला होता! मला हसू आवरेना. आमच्या घरामागच्या परड्याला कमरेएवढी भिंत होती आणि पलीकडं निळ्या पाइपचं घर. तिथल्या काकूंचा आणि आमचा उघड बोलण्याचा व्यवहार नव्हता, कारण त्यांच्या मालकांचा आणि मामंजींचा नव्हता. पण बायकांचं काय थांबतंय? विरजण, कढीपत्ता, म्हशीचा चीक, सगळं त्या भिंतीवरनं इकडचं तिकडं होत आलेलं. दुसऱ्या दिवसापासनं दुपारची पुरुष माणसं रानात गेली की काकू त्यांच्या नळाची एक कळशी भरून भिंतीवर ठेवायच्या. तोंड दुसरीकडं करून म्हणायच्या, "मला काय ठावं न्हाई बाई, मी माझ्या तुळशीला पाणी घालतोय." आक्का कळशी उचलायची आणि रिकामी परत ठेवायची. ते पाणी तिच्या एकटीपुरतं वेगळ्या तांब्यात, फडक्याखाली. गावाला एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं ते दोन बायकांनी एका कळशीत बसवलं, आणि सुट्टीच्या दिवशी मी परड्याच्या दारात राखणीला उभी राहायची.

चाललं तेवढे दिवस बरं चाललं. मग एका दुपारी मामंजी दूध संस्थेच्या मीटिंगला गेले आणि मीटिंग रद्द झाली म्हणून लगेच परत आले. मी त्या दिवशी घरात होते. परड्याच्या दारात त्यांची सावली पडली तेव्हा आक्काच्या हातात कळशी होती.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी तिच्या हातातनं कळशी घेतली, शेवग्याच्या बुडात ओतली आणि रिकामी कळशी भिंतीवर ठेवली.

"ह्या घरानं भंडारा उचललाय," म्हणाले.

"मी न्हाई उचलला मामा," आक्का म्हणाली.

"मी उचलला म्हंजी घरानं उचलला." आणि मग जरा मऊ आवाजात, "पोरी, तुझ्या पोटात माझा वंश हाय. देवाला दिल्याला शब्द मोडून त्येला काय झालं तर?"

मी मधे पडले. म्हटलं, "मामा, देव पाण्यात रोग सोडत न्हाई, ओढा सोडतोय." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी परक्या भाषेत बोलतेय. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भिंतीवर पत्रे ठोकून घेतले, पुरुषभर उंच. पलीकडनं काकूंच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मामंजी खिळे ठोकत होते.

त्यानंतर मी कंपनीतल्या कूलरचं पाणी बाटल्यांत भरून बसमधनं आणायला लागले. दोन बाटल्यांत काय होतंय! कामावरच्या बायका विचारायच्या, "काय गं, गावाकडं दुष्काळ पडलाय का?" काय सांगणार होते मी त्यांना, कपाळ?

शेवटी मी ग्रामसभेला गेले. आमच्या घरातली बाई ग्रामसभेला जाणं हेच नवल होतं. सरपंच बाई होत्या, वरच्या गटाच्या, पण त्या नुसत्या खुर्चीवर बसून होत्या आणि त्यांचे मालक बोलत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं की चावडीच्या कोपऱ्यावर दोन्ही पाइपा शेजारनं जातात. रस्ता उकरला तेव्हा मी स्वतः बघितल्यात. मधे हातभर अंतर आहे. तेवढी जोडा आणि वरचं चांगलं पाणी सगळ्या गावाला सोडा. माझ्या घरात गरोदर बाई आहे, गावात अशा आणखीही असतील.

दोन-चार माना हलल्या. मला वाटलं, पटलं वाटतं. मग सरपंचांचे मालक म्हणाले, "जोडूया की. तुमच्या मामास्नी म्हणावं सोप्यात येऊन जावा." त्यांची माणसं हसली. खालच्या गटाचा एकजण ताडकन उठला, "आमच्या पाण्याला काय झालंय? आमी काय मेलोय काय पिऊन?" मग काय, पाणी राहिलं बाजूला आणि दोन्हीकडनं एकमेकांच्या आयाबहिणी निघाल्या. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गटांचं तिथं एकमत झालं. ती म्हणजे, ह्या बाईला काही कळत नाही. घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती आणि मामंजी माझ्याशी बोलायचे बंद झाले.

आक्काचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. फोटोत ती हसतेय, आणि मला आता त्या फोटोत तिचे डोळे पिवळे दिसतात. तेव्हा कुणाला दिसले नाहीत. चार दिवसांनी ती काहीच खाईना, उलट्या सुरू झाल्या आणि लघवी हळदीसारखी झाली. मी म्हटलं दवाखाना. मामंजी म्हणाले, आधी कावीळ उतरवणाऱ्याकडं न्या, सगळी तिथंच बरी होतात. दिरांनी तिला मोटारसायकलवरनं दोन गावं पलीकडं नेलं. तिथं त्यानं गळ्यात मुळीची माळ घातली, नाकात रस पिळला आणि तेलकट खाऊ नका म्हणाला. त्यात जे दिवस गेले ते गेले. ती बरळायला लागल्यावर गाडी केली आणि कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. त्यांनी तपासलं आणि आम्हाला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, ही पाण्यातनं होणारी कावीळ, एरवी माणूस उठतं ह्यातनं, पण गरोदर बाईला फार वाईट. "कुठलं पाणी पिता?"

"नळाचं," दीर म्हणाले.

"गावात दुसरं पाणी नाही का?"

दीर खाली बघायला लागले. मी म्हटलं, "हाय की. पण ते दुसऱ्या गटाचं हाय."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. अशा वेळी चेष्टा करणारी बाई म्हणून त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. मग त्या आत गेल्या.

आक्का वाचली. मुलगी होती. ती पोटातच गेली होती.

मुलीला दिरांनी आणि ह्यांनी परस्परच नेलं, आक्काला दाखवलंही नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं पोटावरनं हात फिरवला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी जवळ बसले होते. एवढंच म्हणते, माझा जीव जळला. अजून जळतोय.

घरी आल्यावर गाव भेटायला आलं. खालच्या गटाचे म्हणाले, नशिबात नव्हतं, देवाची इच्छा. वरच्या गटाचे दारातनंच म्हणाले, आम्ही सांगत हुतो. खालचा नेता स्वतः आला, मामंजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून गट हाय." मामंजी त्याच्या हातावर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. मी आत कपबशा विसळत होते. एक मुद्दाम आपटून फोडली, तर कुणी काय झालं म्हणून विचारलंही नाही.

पुढं सरकारच्या नियमानं पाणी समितीत बायका पाहिजेत म्हणून माझं नाव घातलं. ग्रामसभेत तोंड उघडलं होतं ना, त्याची ही शिक्षा असावी. आम्हाला पन्हाळ्याला एका हॉटेलात ट्रेनिंगला नेलं. बाहेर धुकं, आत पडद्यावर चित्रं. लोकसहभाग, मागणी, देखभाल, सगळ्यांनी मिळून निर्णय. साहेब चांगले बोलत होते, मनापासून बोलत होते, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी विचारलं, "साहेब, गावात पाणी हाय, टाकी हाय, पाइप हाय, समिती हाय. मधली हातभर पाइप तेवढी न्हाई. ती कुणी जोडायची?" साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ताई, तो स्थानिक प्रश्न आहे. तो तुम्ही आपसात चर्चेनं सोडवायचा." मग जेवणाची वेळ झाली.

आणि तो सुटला! चर्चेनंच सुटला, फक्त आमच्या नव्हे. थंडीच्या दिवसांत जिल्ह्याची कसलीशी मोठी निवडणूक लागली आणि जिल्ह्यातल्या थोर माणसांची एका बैठकीत युती झाली. खालच्या नेत्याचा साहेब आणि वरच्या नेत्याचा साहेब एका गाडीतनं फिरायला लागले. मग आमचे दोघं काय करणार? तेही एका गाडीतनं फिरायला लागले. गाव म्हणालं, झालं गेलं नदीला मिळालं. राहता राहिला तो भंडारा. त्याचं काय करायचं? मला खरंच उत्सुकता होती. एवढा मोठा शब्द, ज्याच्यापायी घराचं वाटोळं व्हायचं होतं, तो ही माणसं मोडणार कसा?

एक नारळ फोडला. गुरवानं देवापुढं एक नारळ फोडला आणि म्हणाला, "देवा, अजाणतेपणी दिल्याला शब्द माघारी घे." सगळ्यांनी हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि घरी गेले. मामंजींनी आमच्यासाठीही प्रसाद आणला होता. मी तो म्हशीला घातला.

चावडीच्या कोपऱ्यावर खड्डा काढला आणि अर्ध्या दिवसात दोन्ही पाइपा जोडल्या. मधे लाल चाकाचा व्हॉल्व बसवला. तो फिरवायचा म्हणजे कार्यक्रम पाहिजे. मंडप आला, बँड आला, गुलालाची पोती आली. आणि आदल्या दिवशी दोन्ही नेते जोडीनं आमच्या दारात आले. वरचा म्हणाला, "थोरल्या वैनींच्या हस्ते करूया. त्यांनी लई सोसलंय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोघा नेत्यांच्या हातातला चहा काढून त्यांच्याच डोक्यावर ओतावा असं वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आतनं आक्का म्हणाली, "येतो की."

दुसऱ्या दिवशी ती साधं लुगडं नेसली आणि माझ्याबरोबर चावडीवर आली. खड्ड्याभोवती माणसं दाटलेली. मामंजी पहिल्या रांगेत, कपाळभर गुलाल. कुणीतरी आक्काला वाट करून दिली. ती चाकाला हात लावेना. खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली आणि आत बघायला लागली. काळ्या आणि निळ्या पाइपच्या मधला नवा तुकडा तिनं आपल्या हातानं मोजला. कोपरापासनं बोटापर्यंत हात ठेवला, तुकडा संपला.

"एवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण बँड अजून सुरू झाला नव्हता, सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि वरचा नेता खुशीत म्हणाला, "व्हय वैनी, एवढंच काम हुतं! अर्ध्या दिसात उरकलं बघा."

आक्का उठली, पदर सारखा केला आणि घराकडं चालायला लागली. मी तिच्या मागनं. पाठीमागं थोडा गोंधळ झाला, मग कुणीतरी चाक फिरवलं असणार, कारण बँड वाजायला लागला.

संध्याकाळी मामंजी आले. सदरा गुलालानं माखलेला, चेहरा दमलेला. मोरीपाशी उभं राहून त्यांनी तो काढला, दगडावर टाकला आणि रोजच्या सवयीनं म्हणाले, "थोरले, एवढा सदरा बघ गं."

आक्का चुलीपाशी बसली होती. ती उठली नाही. मान वळवून तिनं त्यांच्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासनं तिनं त्यांच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"नळाला पाणी हाय मामा," म्हणाली. "तुमचं तुमी धुवा."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. मामंजींनी दगडावरचा सदरा उचलला. मग वाकले, बादली ओढली आणि नळाखाली लावली.